गच्चीतली आणि गॅलरीतली भाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली अकरा वर्षं भाजी लावते आहे. पाच कुंड्यांच्या सत्तर झाल्या, मग कंबर बोलायला लागली, आता बेताच्या चाळीस आहेत. लिफ्टमध्ये, लग्नकार्यात, भिशीत लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं पुण्याच्या हवेला धरून आहेत. कोकणात मोठा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात कशाने करू?

मेथीने. वाण्याकडचे मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, सहा इंच खोल पसरट टबात पेरायचे आणि वरून बोटाच्या पेराएवढीही नाही, त्याच्या निम्मी माती भुरभुरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात आणि पंचवीस-तीस दिवसांत एका वेळची भाजी निघते. मग पालक, लाल माठ, मिरचीची दोन रोपं आणि पावसाच्या तोंडावर एखादा वेल. पहिल्या वर्षाला एवढं पुष्कळ झालं.

नर्सरीत गेलं की हात शिवशिवतात, माझेही शिवशिवतात. पण पहिल्याच हंगामात ढोबळी मिरची, ब्रोकोली आणि चार जातींचे टोमॅटो आणू नका. चार महिने राबून तीन टोमॅटो हाती आले की माणूस ‘आपल्या हाताला गुणच नाही’ म्हणतो आणि कुंड्या जिन्याखाली जातात. आमच्या जिन्याखाली अशा दोन घरच्या कुंड्या आहेत.

ऊन किती लागतं? आमच्याकडे सकाळी दोनच तास येतं.

फळभाजीला सहा तास थेट ऊन हवं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. दोन तासांत पुदिना, आळू, ओवा आणि गवती चहा बरे येतात. तिथे वांगं लावलंत तर झाड उंच होईल, हिरवंगार दिसेल आणि वांगं एकही देणार नाही.

ऊन एकदा पाहून ठरवू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी दिवसभर उन्हात असते. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे डिसेंबरात ऊन खाणारी तीच गॅलरी जूनमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. एका रविवारी दर दोन तासांनी फरशीवर खडूने उन्हाची कड आखा, आणि हेच सहा महिन्यांनी पुन्हा करा.

गच्चीला वजन झेपेल का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. खरं तर तो माती आणायच्या आधी विचारायचा.

माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. आता एक चौरस मीटरचा वाफा एक फूट खोल मातीने भरा आणि पाऊस पडू द्या. ओल्या मातीचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं. त्यामुळे विटा रचून गच्चीभर मातीचे वाफे करायचे हा विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय नकोच, आणि इमारत जुनी असेल तर अजिबात नको. वीस लिटरचा रंगाचा डबा नुसत्या मातीने भरला तर तोसुद्धा तीस किलोच्या पुढे जातो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळा घालून हे वजन बरंच उतरतं. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली तुळया आणि कॉलम असतील त्या रेषेत ठेवा.

दुसरी भानगड ओलीची. आमच्या खालच्या घरात छताला ओल आली तेव्हा सगळ्यांची बोटं माझ्या कुंड्यांकडे वळली. प्लंबरने पाहिलं तर टाकीच्या पाइपाचा जोड गळत होता. तरी तेव्हापासून माझी प्रत्येक कुंडी दोन विटांवर आहे. खालची फरशी सुकते, झाडू फिरवता येतो आणि ओल कुठून येते ते दिसतं. गच्चीच्या कोब्यात खिळा, खुंटी काही ठोकायचं नाही. मांडवाचे बांबू रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभे करायचे. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी पुढच्या सेक्रेटरीला आठवत नाही.

माती कुठली घेऊ?

पुण्याच्या आसपास काळी माती सहज मिळते, पण कुंडीत ती एकटी नको. पावसात तिचा चिखल होतो, उन्हात तडे जातात आणि पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं. वरून ओलं दिसतं आणि मुळं मात्र कोरडी राहतात. मी एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट आणि दोन मुठी नीमपेंड असं मिसळते. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी एकदा तरी ओतून द्या, कारण त्यात क्षार असतात.

मिश्रण जमलं की नाही ते हाताला कळतं. ओलसर मिश्रण मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे आणि त्या लाडवाला बोट टोचलं की तो फुटला पाहिजे. वळलाच नाही तर खत-माती कमी आहे. फुटला नाही तर चिकणपणा जास्त आहे, अजून कोकोपीट घाला.

शेणखत ताजं नको, ते मुळं जाळतं. शिवाय अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची जाडजूड अळी दिसली की समजा. ती खालून मुळं खाते, आणि झाड वरून सुकायला लागेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. मी एका वर्षी स्वस्तात मिळालं म्हणून दोन पोती असलं खत चढवलं आणि भर पावसाळ्यात सहा वांगी गमावली. चांगल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, पावसाच्या पहिल्या सरीचा येतो.

माती जवळजवळ न वापरताही बाग होते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळा आणि घरातल्या काडीकचऱ्यावर झाडं वाढवायची रीत लोकांपर्यंत नेली, आणि अनेक गच्च्यांवर आज तीच रीत कुठल्या ना कुठल्या रूपात चालू आहे. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला आणि उसाचं चिपाड दाबून, मधे मधे शेणाचं पाणी शिंपडायचं आणि वर चार बोटं खत-माती. दर दोन-तीन महिन्यांनी हे खाली बसतं, तेव्हा वरून भर घालायची.

घरचा ओला कचरा थेट कुंडीत टाकला तर चालतो का?

टाकू नका. चिलटं होतात, उंदीर येतात आणि कुजताना गरमी होऊन मुळांना चटका बसतो. भोकं पाडलेल्या बादलीत एक थर ओला कचरा आणि त्यावर दुप्पट जाडीचा वाळका पाला, असं रचत जा आणि आठवड्यातून एकदा हलवा. दोन महिन्यांच्या आसपास खत तयार होतं. वास यायला लागला तर ओल जास्त झाली, पाला वाढवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाची आहे. फक्त आमटी, तेलकट उरलेलं, मासळीचं पाणी यात नको.

चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं?

चोथा साखर-दूध धुऊन कंपोस्टच्या बादलीत टाका. टरफलं कुजायला फार वेळ लावतात, त्यांची मिक्सरमधून पूड करा. नुसती ठेचून कुंडीत खोचलेली टरफलं मला तीन वर्षांनी जशीच्या तशी सापडली आहेत.

कधी काय लावायचं?

आमची आजी नक्षत्रांवर चालायची आणि मीही बरीचशी तशीच चालते. मृग लागतं ७-८ जूनला. त्या सुमाराला दोडका, कारलं, पडवळ, काकडी, दुधी हे वेल आणि भेंडी, गवार, अंबाडी. वांगी, टोमॅटो, मिरचीचं बी मेअखेरीला ट्रेमध्ये टाकायचं. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत, मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत लावण्याजोगं होतं. हस्ताचा पाऊस ओसरला, म्हणजे ऑक्टोबर सुरू झाला, की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, घेवडा. हा खरा सुगीचा काळ, हवा आपल्या बाजूने असते. संक्रांत उलटून थंडीचा जोर ओसरला की पुन्हा भेंडी-गवार आणि उन्हाळ्यासाठी चवळी, लाल माठ, मायाळू.

कोकणात पावसाळ्यात सपाट वाफ्यातली पालेभाजी कुजून जाते, म्हणून तिथे पावसात वेल आणि मांडव आणि पालेभाजी भातकापणीनंतर. लाल मातीतून पाणी पटकन निचरतं, त्यामुळे खत थोडं थोडं, पण वारंवार द्यावं लागतं.

कोबी, फ्लॉवर, कांदे, बटाटे लावू नका असं माझं मत आहे. एक कुंडी तीन महिने अडते आणि हाती येतो एक कोबी, तोही अळीने आधी चाखलेला.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा धना अख्खा पेरलेला असतो. प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून त्यावरून लाटणं हलक्या हाताने फिरवा, दोन फाकी झाल्या की थांबा. भुगा झाला तर त्याची भाजीत रवानगी. फाकी रात्रभर भिजवून पेरायच्या आणि आठ-दहा दिवस कुंडी उकरून बघायची नाही. मेथी चौथ्या दिवशी येते, म्हणून लोक कोथिंबिरीकडूनही तीच अपेक्षा करतात आणि पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी पेरून मोकळे होतात. एप्रिल-मेमध्ये ती चार पानं येताच फुलावर जाते. तेव्हा विकत आणा.

पाणी किती आणि कधी घालायचं?

सकाळी, आणि बोट विचारून. मातीत तर्जनी दोन पेरं खुपसा. ओल लागली तर आज पाणी नाही. माझ्या ओळखीतल्या मेलेल्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडं जास्त पाण्याने गेली आहेत. पानं पिवळी पडली की लोक अजून पाणी घालतात आणि मुळं आणखी कुजतात.

मेमध्ये मात्र रोज, कधी दोनदाही. तेव्हा मातीवर दोन इंच वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला आणि दुपारी हिरवी शेडनेट ओढा. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर त्यात पाणी साचू देऊ नका. डेंगीचा डास तेवढ्यावर वाढतो. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून झाडांना घालावंसं वाटतं, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. रोज तेच घातलं तर मातीवर पांढरी साय येते. ते फरशी पुसायला वापरा.

वेलाला ढीगभर फुलं येतात, पण दोडका धरत नाही.

आधी फुलं नीट पाहा. नुसत्या देठावर उभं असतं ते नर. ज्याच्या मागे काडीएवढा इवलासा दोडका चिकटलेला असतो ते मादी. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बहुतेक नरच येतात, त्यात वेलाचं काही चुकत नाही.

मादी फुलं येऊनही ती बोंडं पिवळी पडून गळत असतील तर परागीभवन होत नाहीये. पाचव्या-सातव्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नाहीत. तेव्हा आपणच मधमाशी व्हायचं, पण वेळ साधली पाहिजे, आणि इथेच बहुतेक जण फसतात. काकडी, कारलं आणि घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. मी पहिल्या वर्षी रोज सकाळी चहा घेऊन ब्रश हातात धरून दोडक्यापाशी उभी राहायचे आणि मिटलेल्या फुलांशी खेळायचे. एक दिवस संध्याकाळी साडेसहाला वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर अख्खा मांडव पिवळाधमक.

नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मधल्या हिरवट गोंड्यावर हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे पराग ताजे आहेत. एक नर दोन-तीन मादींना पुरतो. फळ धरलं असेल तर तीन-चार दिवसांत बोंड फुगायला लागतं आणि मान खाली घालतं. कडेला दोन झेंडू आणि एक तुळस असू द्या, मधमाशी कधी ना कधी वाट शोधते.

टोमॅटोची फुलं का गळतात?

मार्च उलटल्यावर गळत असतील तर उन्हामुळे. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की पराग निकामी होतात. थंडीत फळं हवी असतील तर पुण्यात टोमॅटो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. थंडीतही फळ धरत नसेल तर फुलांचा घोस सकाळी दहाच्या सुमाराला टिचकीने हलवा. फळाचं बूड काळं पडत असेल तर तो रोग नाही. एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुडुंब असं पाणी मिळालं की झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही.

मिरचीची पानं आक्रसली आहेत. हाच का बोकड्या?

हो. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी नावाची बारीक कीड. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून पाहा, फुलकिडे असतील तर हलणाऱ्या बारीक रेघा दिसतात. सुरुवात असेल तर शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका आणि आठवड्याच्या अंतराने तीनदा निंबोळी अर्क मारा (कृती पुढच्या प्रश्नात). सगळं झाड आखडलं असेल तर उपटा. मला हे शिकायला चार वर्षं लागली, आणि तोवर त्या एका झाडाने शेजारची दहा नेली.

मावा आणि पिठ्या ढेकणासाठी घरगुती काय?

मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा जातो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा आणि मुंग्यांचा माग काढा. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याला सांभाळतात आणि त्याची पिल्लं इकडून तिकडे नेतात. जवळ जास्वंद असेल तर बहुधा मुक्काम तिथेच असतो.

निंबोळ्या पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडतात. गर धुऊन सावलीत वाळवा. ५० ग्रॅम बियांची भरड पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, त्यात थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा, कारण उन्हात अर्काचा गुण लवकर उतरतो. पानांच्या खालच्या बाजूने फवारा, किडी तिथेच असतात. दुधी-काकडीच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तर आंबट ताक एकास दहा पाण्यात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही, झाड काढायचं. पुढच्या वेळी ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’ लावा, त्या या रोगापुढे जास्त टिकतात.

कबुतरं?

नायलॉनची जाळी. सीडी टांगून झाल्या, चमकत्या पट्ट्या झाल्या, प्लास्टिकचा साप झाला. सापावर कबूतर बसलेलं मी पाहिलं आहे.

घरचा दुधी कडू निघाला. शिजवून खाल्ला तर?

खाऊ नका. शिजवूनही नाही आणि रस करून तर मुळीच नाही. दुधीत कधी कधी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात, ती विषारी असतात आणि शिजवून नाहीशी होत नाहीत. चिरल्यावर जिभेच्या टोकाला लावून थुंका. कडू लागला तर तो पूर्ण दुधी कचऱ्यात. कडू रस पोटात जाऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी लिंबू-सरबत करत बसू नका, दवाखाना गाठा. पडवळ, दोडका, काकडी यांनाही हाच नियम. कारलं अर्थात वेगळं, त्याचा कडूपणा त्याचा स्वतःचा आहे.

परवडतं का?

पहिल्या वर्षी नाही. कुंड्या, खत, शेडनेट यांच्या पैशात मंडईतून कित्येक महिन्यांची भाजी आली असती. पुढे खर्च उतरतो, पण मेथीच्या जुडीचा भाव काढत बसलात तर तुमचं मन उडेल. खरोखर पैसे वाचवतात ते कढीपत्ता, मिरची, पुदिना, मायाळू आणि आळू. कपडे धुण्याचं पाणी नको, पण भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर आळू बारमाही वाढतं. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं फतफत्याला.

आठ दिवस गावाला जायचं आहे.

कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, पोटभर पाणी घाला आणि जाड आच्छादन करा. हिवाळ्यात एवढ्यावर निभावतं. उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींना किल्ली द्या, आणि ‘लागेल ते तोडून न्या’ असं नक्की सांगा. तोडणी थांबली तर भेंडी आणि गवार जून होते आणि झाड नवीन फुलं धरणं सोडून देतं.

बी कुठून आणू आणि घरचं बी धरता येतं का?

मेथी, धने, मोहरी, राजगिरा वाण्याकडचे चालतात. बाकी बी कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. गावठी बियांचं मोल काय ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवलं. त्यांच्या बीज बँकेतल्या वाल-घेवड्याच्या जाती पाहिल्या की आपण बाजारात एकच घेवडा का घेतो असं वाटतं. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं.

पाकिटावर हायब्रीड लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही. गावठी वाणाचं धरा. वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, टोमॅटोचं बी दोन दिवस त्याच्याच रसात आंबवून धुवायचं, भेंडी तडकेपर्यंत ठेवायची. बी सावलीत वाळवून, चाळलेल्या राखेत घोळवून डब्यात भरा. डब्यावर नाव आणि तारीख लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणून न लिहिलेल्या चार पुड्या माझ्या कपाटात अजून आहेत.

घोसाळ्याचं बी धरणं सगळ्यात सोपं. मांडवावरचं पहिलं चांगलं घोसाळं तोडायचं नाही. दिवाळीपर्यंत ते तपकिरी आणि हलकं होतं, हलवलं की आत खुळखुळतं. बुडाची टोपी निघाली की काळ्या बिया तळहातावर ओतायच्या आणि उरलेल्या जाळीने कुंड्या घासायच्या.